मदत हवी आहे: ३७व्या वर्षी ज्युदो सुरू केलंय, अंग आंबून जातंय. किती दुखणं सोसायचं?

नमस्कार. जरा मोठं लिहिते आहे, कारण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

वय ३७, वजन ६४ किलो. नाशिकला शाळेत गणित शिकवते. मागच्या वर्षी जुलैत पावसात स्कूटर घसरली. वेग फार नव्हता, पण पडताना उजवा हात टेकवला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, मग दोन महिने फिजिओ. तिथल्या बाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या, "पडताना माणूस हात टेकवतोच. ती सवय मोडायची तर पडायला शिकावं लागतं. ज्युदोवाले सगळ्यात आधी तेच शिकवतात." ते मनात राहून गेलं. हाडाच्या डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर पाच आठवड्यांपूर्वी क्लास लावला. सोम, बुध, शुक्र, संध्याकाळी साडेसहा ते आठ. मोठ्यांच्या बॅचमध्ये आम्ही सात जण, बाई मी एकटी.

सुरुवातीला वॉर्मअप: मॅटभोवती पळणं, बेडूक उड्या, कोलांट्या, पाठीवर पडून कोळंबीसारखं सरकणं. मग उकेमी, म्हणजे पडण्याचा सराव, तीस-चाळीस वेळा. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, डोकं मॅटला लागता कामा नये. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात तळव्यापासून कोपरापर्यंत मॅटवर आपटायचे. शेवटी जोडीदाराची कॉलर आणि बाही धरून उचिकोमी: डावात नुसतं शिरायचं, फेकायचं नाही, दहा-दहाचे सेट.

मला हे मनापासून आवडतंय, हे आधी सांगते. पण बुधवारचा क्लास झाला की गुरुवारी अंग आंबतं आणि शुक्रवारी सकाळी सगळ्यात जास्त ठणकतं, म्हणजे नेमकं पुढच्या क्लासच्या दिवशी. मांड्या इतक्या भरून येतात की जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं. चढताना तेवढं नाही, उतरतानाच. बोटं आणि कोपराखालचे स्नायू असे आखडतात की तिसऱ्या तासाला खडू धरवत नाही. आणि मान! पुढच्या बाजूने, गळ्याच्या दोन्ही अंगांना. सकाळी उशीवरून डोकं उचलायला मागून हाताचा आधार द्यावा लागतो. मी घाबरले ते याच्यामुळे.

शिवाय दम. दुसऱ्या उचिकोमीच्या सेटलाच धाप लागते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे एक काका आहेत, ते आरामात करतात. दम वाढावा म्हणून मी मंगळवारी आणि गुरुवारी घरी शंभर बैठका सुरू केल्या, तर दुखणं दुप्पट झालं.

सासूबाई म्हणतात बंद कर. क्लासमधले म्हणतात दुखतंय त्यातच करत राहा, मोकळं होईल. मला सोडायचं नाहीये, पण पुन्हा काही मोडूनही घ्यायचं नाहीये. साधं अंग आंबणं आणि खरी दुखापत यांतला फरक ओळखायचा कसा? दम वाढवण्यासाठी घरी काय करू? क्लासच्या आधी दुखण्याची गोळी घेतली तर चालेल का?

प्रतिसाद १

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की बरंचसं उत्तर त्यातच आहे. सवय नसलेल्या श्रमानंतरचं दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं, म्हणून शुक्रवार. ते लॅक्टिक ॲसिडमुळे होतं असं जिममध्ये सांगतात, पण ते तासाभरात रक्तातून निघून जातं. स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, जसं उडीनंतर खाली येताना किंवा जिना उतरताना, तेव्हा त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. तेच काम थोडं थोडं पुन्हा केलं की दुखणं कमी होत जातं. शंभर बैठकांनी तुम्ही भरून येणाऱ्या मांड्यांवर रोज नवा भार टाकताय. त्या आधी थांबवा.

मानेचं: तीस-चाळीस वेळा डोकं उचलून धरलं की पुढचे स्नायू दुखणारच, दोन्ही बाजूंना सारखं दुखत असेल तर काळजी नको. पण ते दमले की डोकं मागे आपटतं, आणि ज्युदोत नवख्यांना खरा धोका त्याचाच. म्हणून मान थकली की सरांना सांगून उकेमी थांबवा, किंवा उभ्याने न करता बसून करा. घरी उताणं झोपून डोकं दोन बोटं उचलायचं, पाच सेकंद धरायचं, आठ वेळा. एक दिवसाआड.

दुखापतीचं दुखणं बहुधा एका जागी असतं, टोचतं, सांध्यात असतं, सूज येते, किंवा हालचाल करता करता वाढतं. आंबलेलं अंग थोडं चाललं की सैल होतं. हाताला मुंग्या, डोकं आपटल्यावर डोकेदुखी, चक्कर किंवा उलटी, किंवा स्नायू खूप सुजून लघवी चहासारखी गडद होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. गोळी घेऊन क्लासला जाऊ नका, कुठे थांबायचं हे सांगणारी खूणच पुसली जाते.

आणि दमाबद्दल एक विनंती, हिमोग्लोबिन तपासून घ्या. बायकांमध्ये ते कमी असणं फार सर्रास आहे आणि आपण त्याला 'स्टॅमिना नाही' म्हणून सोडून देतो.

प्रतिसाद २

ताई, मी तालमीतला माणूस, कोल्हापूरला बारा वर्षं माती अंगाला लावली. आमच्याकडे नवीन पोरगं आलं की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी वीस बैठका, दहा जोर एवढंच देणार. ज्यानं हौसेनं दोनशे मारल्या ते चौथ्या दिवशी तालमीत दिसत नाही. तुम्ही खुर्चीवर बसून उठा, दहाच्या दोन फेऱ्या, तेही क्लास नसलेल्या एकाच दिवशी. एका दिवशी अर्धा तास झपझप चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकं. रविवार मोकळा ठेवा.

बोटांसाठी: नवखा माणूस कॉलर जीव खाऊन धरतो. करंगळी आणि अनामिकेनं धरा, बाकीची बोटं सैल, आणि ओढायच्या क्षणीच आवळा. खाण्यात डाळ, उसळ, अंडी, दही वाढवा. पोहे खाऊन संध्याकाळी मॅटवर जाल तर अंग कशावर भरून निघणार?

धागाकर्तीचा प्रतिसाद (तीन आठवड्यांनी)

दोघांचे मनापासून आभार. हिमोग्लोबिन ९.८ निघालं. बायकांत १२च्या खाली म्हणजे कमीच, असं डॉक्टर म्हणाल्या. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, चहापासून लांब ठेवून घेते. धाप अजून लागते, पण आता तिचं कारण माहीत आहे.

सरांशी बोलले. तेही म्हणाले, मान थकली की हात वर कर. आता वीस उकेमी उभ्याने, बाकीच्या बसून. बैठका बंद, खुर्ची चालू. शुक्रवारी सकाळी आता उशीवरून डोकं हाताशिवाय उचलतं. करंगळीनं धरायचं सांगितलंत तेही करून पाहिलं, खडू नीट धरवतोय.

एक शंका राहिली. डाव्या बाजूला पडताना हात बरोबर आपटतो, उजव्या बाजूला पडताना मात्र मोडलेला हात आपोआप आखडून पोटाशी जातो. मनगट दुखत नाही, नुसती भीती आहे. असं कुणाचं झालंय का, आणि ते कसं घालवलंत?