आयडियेला ‘नाही’ कोणीच म्हणत नाही, ‘बघू’ म्हणतात

धागाकर्ता:
आमच्याकडे एकच माहिती तीन एक्सेल शीटमध्ये भरतात, तीन माणसं, रोज. मी मीटिंगमध्ये म्हटलं एकच शीट करू, बनवून पण दाखवली. साहेब म्हणाले छान आहे, बघू. याला सहा महिने झाले. नंतर कळलं की तिसरी शीट ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे प्रत्येकाला हात जोडून जावं लागतं, ती शीट गेली की त्यांचा भाव गेला. जुन्या कंपन्या अशाच बुडतात. कोडॅकच्याच इंजिनीअरने, स्टीव्ह सॅसनने, १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला होता, वरच्यांना कॅमेऱ्यात घालायच्या फिल्मचा धंदा प्यारा, आणि २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज!

जुना खोंड:
कोडॅक आलंच का, घासून गुळगुळीत झालंय ते. तो कॅमेरा ०.०१ मेगापिक्सेलचा होता, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद, तेव्हा कोण घेणार होतं? पगार फिल्मवर निघत होते. उलटं पण बघा की, कोकाकोलाने १९८५ मध्ये जवळपास दोन लाख लोकांना चाखायला देऊन नवीन चव आणली आणि ७९ दिवसांत जुनी परत आणावी लागली. आमच्याकडे एकाने हट्टाने नवीन सॉफ्टवेअर आणलं, प्रमोशन घेऊन दुसरीकडे गेला, आता रात्री दोनला फोन मला येतो. मग मी ‘बघू’ म्हणणार नाही तर काय?

धागाकर्ता:
मग तोंडावर नाही म्हणा ना, कारण सांगा! सहा महिने लटकवायचं कशाला?

जुना खोंड:
कारण सांगितलं की तुम्ही वाद घालता :) बरं, तिसऱ्या शीटवाल्यांना आधी विचारलं होतंत का? की भर मीटिंगमध्येच कळलं त्यांना?

काठावरचा:
इथेच गाडी अडली असणार. चारचौघांत कोणाचं काम फालतू ठरवलं तर तो ब्रेक लावणारच, मीही लावला असता. पण साहेबांना यातून सोडू नका, निर्णय त्यांचा होता आणि ते मजा बघत बसले.

धागाकर्ता:
नव्हतं विचारलं. आज गेलो त्यांच्याकडे. आधी फुगूनच बसले होते, मग शीट उघडून एक कॉलम दाखवला, ऑडिटवाले दरवर्षी तोच मागतात म्हणे. माझ्या शीटमध्ये तो नव्हताच. टाकलाय आता. साहेब अजून बघतायत.