नवा २८ एचपी ट्रॅक्टर ब्लोअरवर वीस मिनिटांत दबतो – डिझेल पंपाचं सील तोडण्याआधी काय तपासू?

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात माझी चार एकर द्राक्षबाग आहे, लागवड ९ बाय ५ ची. दसऱ्याच्या आधी नवा छोटा ट्रॅक्टर घेतला. तीन सिलिंडर, २८ एचपी, फोर व्हील. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कशात आहे हे अजून मलाच ठाऊक नाही. मीटरवर आज ४३ तास झालेत.

रोटाव्हेटर हलका चालवला, ट्रॉली ओढली, तेव्हा काहीच जाणवलं नाही. त्रास ब्लोअरला, म्हणजे ट्रॅक्टरवर चालणाऱ्या पंख्याच्या फवारणी यंत्राला, सुरू झाला. ६०० लिटरची टाकी भरून पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) टाकला की पहिली पंधरा-वीस मिनिटं ट्रॅक्टर एकदम झकास चालतो. आमच्या मीटरवर पीटीओच्या ५४० फेऱ्यांची खूण इंजिनच्या २४५० आरपीएमजवळ आहे, काटा तिथे ठाम असतो. मग हळूहळू २३००, २१०० आणि शेवटी १९००. हँड थ्रॉटल पूर्ण वर केला, पायाने दाबून पाहिलं, इंजिन ऐकतच नाही. आवाज खालीवर होतो, पंख्याची हवा पडते आणि औषध पानाच्या पाठीमागे पोहोचत नाही. बंद करून दहा मिनिटं थांबलं की परत पहिल्यासारखा. पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा तेच.

बाग फुलोऱ्यात आहे, चार दिवसांपासून आभाळ भरलेलं आहे आणि पहाटे दव पडतंय. या अवस्थेत केवडा (बुरशीचा रोग) घडावर आला तर काय होतं ते द्राक्षवाल्यांना सांगायला नको. एक फवारणी अर्धवट झाली म्हणून दोन रात्री झोप नाही.

मी आतापर्यंत जे पाहिलं ते सविस्तर लिहितो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांचा वेळ जाणार नाही.

सगळ्यात आधी शंका ब्लोअरवर होती. बेअरिंग धरत असेल, पंखा जड असेल, असं वाटलं. म्हणून तोच ब्लोअर दाजींच्या जुन्या २४ एचपी ट्रॅक्टरला जोडला. सलग दोन टाक्या फवारल्या, जरासुद्धा दबला नाही. म्हणजे ब्लोअर निर्दोष. आणि २४ एचपी जे ओढतो ते २८ ने ओढायलाच हवं.

लोड नसताना पूर्ण थ्रॉटलला २८०० च्या वर जातो. पंपावरचा लिव्हर स्टॉपरला टेकतो हे मुलाला थ्रॉटल ओढायला लावून डोळ्यांनी पाहिलं. त्यामुळे तार किंवा रॉड कमी पडत नाही.

एअर फिल्टर काढून आतून टॉर्च लावली, सगळीकडून उजेड येतो. शिवाय दबताना काळा धूर अजिबात नाही. माझ्या समजुतीप्रमाणे हवा कमी पडली तर डिझेल अर्धवट जळून काळा धूर यायला हवा. धूर नाही आणि ताकदही नाही, याचा अर्थ डिझेलच कमी पोहोचतंय. इथे माझं चुकत असेल तर जरूर सांगा.

टेम्परेचरचा काटा मध्यावर असतो. ब्रेक ड्रमला हात लावून पाहिला, गरम नाहीत. न्यूट्रलला एकटा माणूस ट्रॅक्टर ढकलू शकतो. टाकीच्या झाकणाचं भोक बंद असेल म्हणून झाकण सैल ठेवून चालवलं, फरक पडला नाही. डिझेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवलं, तळाला पाणी दिसलं नाही.

विक्रेत्याकडचा मेकॅनिक येऊन गेला. पाच मिनिटं उभ्या-उभ्या चालवला आणि म्हणाला, "काका, इंजिन नवीन आहे, शंभर तासांनी मोकळं होईल." नवीन इंजिन थोडं घट्ट असतं हे मान्य, पण ते पहिल्या मिनिटापासून घट्ट असेल ना! वीस मिनिटं मोकळं आणि मग घट्ट, असं कसं होईल? दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं की पंप काढून कॅलिब्रेशनला, म्हणजे डिझेलचं माप तपासून जुळवायला, पाठवू. त्यात चार-पाच दिवस जाणार, आणि एकदा सील तुटलं की पुढे वॉरंटीवरून वाद होईल अशी धास्ती वाटते.

माझा प्रश्न एवढाच आहे: टाकी ते पंप या रस्त्यात काय काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि सील न तोडता डिझेल पुरेसं येतंय का हे घरी कसं मोजायचं?

प्रतिसाद, तासगावहून

भाऊ, धुराचा तुमचा हिशेब बरोबर आहे. पंपाला अजिबात हात लावू देऊ नका. पंप कमी मारत असता तर पहिल्या मिनिटालाच दबला असता.

असं करा. गार इंजिनवर तपासू नका, दबल्याबरोबर लगेच बंद करा आणि त्याच क्षणी फीड पंपाकडे (टाकीतलं डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा छोटा पंप) येणारा पाइप काढून बाटलीत सोडा. दहा मिनिटं गेली की पुरावा गेला, मेकॅनिकला म्हणूनच काही सापडलं नाही. २८ एचपी पूर्ण लोडला तासाला साधारण सहा लिटर पितो, म्हणजे मिनिटाला १०० मिली. परतीच्या पाइपने जाणारं वेगळं. तेव्हा मिनिटात अर्धा लिटर तरी सहज पडायला हवं. धार बारीक असेल तर झाकण उघडं ठेवून त्याच पाइपातून सायकलच्या पंपाने टाकीकडे हवा मारा. गुडगुड आवाज येऊन धार मोठी झाली की समजा, कचरा टाकीतच आहे.

धार चांगली असेल तर पुढे सरका: फीड पंपाच्या बोल्टमधली बारीक जाळी, मग फिल्टर. पाइप सीटखाली कुठे दुमडला आहे का तेही हाताने चाचपा. हवा ओढत असल्याची शंका आली तर तेवढा तुकडा पारदर्शक नळीचा लावा, बुडबुडे लगेच दिसतात. जोडल्यावर पाइपात अडकलेली एअर नीट काढा. आणि डिझेल कशातून आणता, तेही लिहा.

धागाकर्ता

दादा, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

काल संध्याकाळी दबल्याबरोबर पाइप काढला. मिनिटात जेमतेम अर्धी वाटी डिझेल आलं. सायकलचा पंप मारला, टाकीत गुडगुडलं आणि करंगळीएवढी धार सुटली. रात्रीच टाकी रिकामी करून टॉर्चने आत पाहिलं. खाली रुपयापेक्षा थोडी मोठी गोल चंदेरी चकती पडलेली होती, ऑइलच्या कॅनच्या तोंडावर असते ती. आम्ही डिझेल ज्या कॅनमधून आणतो तो आधी हायड्रॉलिक ऑइलचा होता. कोणीतरी सील स्क्रू ड्रायव्हरने आत ढकललं असणार आणि नरसाळ्याला जाळी नव्हती. इंजिन ओढायला लागलं की चकती सरकत पाइपच्या तोंडावर चिकटायची आणि बंद केलं की सुटायची. वीस मिनिटांचं आणि दहा मिनिटांचं गणित तिथेच होतं.

टाकी धुतली, जाळी साफ केली, एअर काढली. आज पहाटे सलग दोन टाक्या, एक तास चाळीस मिनिटं, काटा २४५० वरून हलला नाही. पंप काढायचा नाही असं विक्रेत्याला कळवलं.

एकच विचारायचं राहिलं. डिझेल फिल्टरच्या वाटीत चंदेरी कण दिसतात. पहिली सर्व्हिस ५० तासांना आहे. फिल्टर तेव्हा बदलू की आजच? दीड एकर अजून बाकी आहे आणि आभाळ तसंच आहे, त्यामुळे फवारणीच्या मधे थांबायची वेळ येऊ नये.