सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला भरवताना ठसका लागतो. बालगृहात काय करता येईल?

प्रश्न : गृहमाता

सर्वांना सलाम. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती बालगृहात मी 11 वर्षे गृहमाता आहे. दोन महिन्यांपूर्वी बाल कल्याण समितीच्या आदेशाने आमच्याकडे सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणे) असलेली सात वर्षांची मुलगी दाखल झाली. तिला बसता येत नाही, बोलताही येत नाही. मात्र सकाळच्या उपासनेत खंजिरी वाजू लागली की तिची घट्ट मिटलेली मूठ सैल होते. अडचण जेवणाची आहे. वाटीभर खिमट भरवायला पाऊण तास लागतो, पाणी पाजताना ठसका लागतो आणि एवढ्यात तिला तीनदा ताप येऊन गेला. माझ्याकडे आणखी 24 मुली असल्यामुळे जी बाई मोकळी असेल ती तिला मांडीवर आडवी घेऊन भरवते. भेटीला येणारी मंडळी तिच्यासोबत फोटो काढतात, तर काहीजण डोक्यावर हात ठेवून आईबापांच्या पापाची क्षमा मागतात. तिला दुसरीकडे पाठवावे असे संचालकांचे मत आहे. मी काय करावे?

उत्तर : बाल-फिजिओथेरपिस्ट

ताई, आडवे घेऊन भरवणे आजपासून बंद करा. ठसका आणि वारंवार येणारा ताप एकत्र दिसतात तेव्हा अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत जात असण्याची शंका घ्यावी लागते, म्हणून पुढच्या तापाची वाट न पाहता तिला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पाठ सरळ, कंबर आणि गुडघे काटकोनात, पाय टेकलेले आणि हनुवटी किंचित खाली, अशा स्थितीत तिला बसवा. भिंतीच्या कोपऱ्यासारखी काटकोनी पाठ असलेली लाकडी खुर्ची गावातला सुतारही करून देईल, फक्त माप फिजिओथेरपिस्टकडून घ्या. चमचा प्लॅस्टिकचा, उथळ असावा. स्टीलचा दातांत अडकतो आणि मूल घट्ट चावते. घास जिभेच्या मध्यावर ठेवून किंचित दाबावा आणि तिने गिळल्याचे पाहिल्याशिवाय दुसरा देऊ नये. पातळ पाणी गिळायला सर्वांत अवघड असते, तेव्हा ते किती दाट करून द्यायचे हे वाचा-उपचार तज्ज्ञांकडून ठरवून घ्या. जेवणानंतर अर्धा तास तिला निजवू नका. मूठ खंजिरीने सैल होत असेल, तर हाताचे व्यायाम त्याच वेळी घ्या. ती संधी आम्हाला दवाखान्यात मिळत नाही.

उत्तर : विश्वस्त

मी संचालकांशी सहमत आहे. 25 मुलींमागे एक गृहमाता असताना अशा मुलीला ठेवून घेणे म्हणजे दोन्हीकडे अन्याय करणे होय.

उत्तर : समाजकार्यकर्ता

विश्वस्त महोदय, मनुष्यबळाबद्दल आपण म्हणता ते खरे आहे, परंतु मुलीला हलवण्याचा निर्णय बालगृह परस्पर घेऊ शकत नाही, तो बाल कल्याण समितीचा असतो. संचालकांनी समितीला लेखी कळवून जादा काळजीवाहक मागावा. तो मिळालाच नाही आणि विशेष बालगृहात खरोखर जागा असली, तर बदलीचा विचार अवश्य व्हावा. दरम्यान जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) काढून घ्या. त्यावर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेचा एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळू शकतो आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी विनामूल्य होते. फोटोंबाबत मात्र तडजोड नको : बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे, मग तो फोटो देणगीदारांच्या पत्रकात का असेना.

उत्तर : निवृत्त गृहमाता

बाई, सलाम. ‘जी मोकळी ती भरवते’ हेच आधी बदला. आमच्याकडे अशा मुलाला भरवणाऱ्या दोनच बाया ठरलेल्या असत, कारण तो गिळतो कधी आणि तोंडात नुसते धरून ठेवतो कधी, हे रोजच्या हातालाच कळते. तिचे ताट इतर मुलींच्या आधी अर्धा तास वाढा. पापाचे म्हणाल, तर बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाविषयी ‘पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे?’ असे विचारतात आणि येशू त्या माणसालाही दोष देत नाही, त्याच्या आईबापांनाही नाही. प्रार्थना करायला आलेल्यांच्या हाती तो अध्याय द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या हयातीत अंध मुलींना ब्रेल शिकवत असत, म्हणजे आपल्या संस्थांना हे काम नवे नाही. फेफरे येते का, हे तुम्ही लिहिले नाही. आले तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि कांदा-चप्पल हुंगवणाऱ्यांना खोलीबाहेर काढा; पाच मिनिटांत थांबले नाही तर थेट रुग्णालय गाठा.

गृहमाता

फेफरे अद्याप आलेले नाही. काल बालरोगतज्ज्ञांना दाखवले. छातीत कफ निघाला, औषध सुरू झाले आहे. खुर्ची होईपर्यंत दोन उशा आणि भिंतीचा कोपरा वापरून तिला बसवले, तर आज सकाळचे खिमट एकदाही न ठसकता खाल्ले. वेळ मात्र तेवढाच लागला. समितीला द्यायच्या पत्राचा मसुदा संचालकांपुढे ठेवला आहे, त्यांची सही व्हायची आहे.