पोस्टरवरचं पोट
तीन महिन्यांत जिमच्या पोस्टरसारखं पोट होईल का, असं नवखे विचारतात. पोटाचे कप्पे नीट दिसायला पुरुषाची चरबी साधारण १०-१२ टक्क्यांवर यावी लागते. फोटोसाठी त्याहून खाली उतरतात, आदल्या दिवशी पाणी तोडतात, शूटिंगआधी जोर मारून दंड फुगवतात, वरून तिरपा उजेड. ते शरीर त्या दिवसापुरतंच. पाणी तोडल्याने पेटके येतात, चक्कर येते. आपल्या कोल्हापूरच्या गंगावेस तालमीतला मल्ल बघा: मान जाड, मांड्या भरीव, पोटावर चरबीचा थर, आणि ताकद अफाट!

नवख्याचा महिन्याला अर्धा-एक किलो स्नायू वाढला तरी भरपूर झालं. ७० किलोच्या माणसाला रोज ११० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात. वजन आठवड्याला अर्ध्या-पाऊण किलोहून जास्त उतरवलं, तर चरबीबरोबर स्नायूही जातो. ट्रेनरनं स्नायू वाढवायच्या (स्टेरॉइडच्या) इंजेक्शनचा विषय काढला, तर ती जिम त्याच दिवशी सोडा.