७ टक्के दिसले तरी आधी स्लॅब बघा

बचत खात्यावर ७ टक्के देणाऱ्या बँकेत सगळी रक्कम हलवावी का, या चर्चेत एक मुद्दा सुटतोय. जाहिरातीतला दर बरेचदा वरच्या स्लॅबचा, म्हणजे शिलकेच्या वरच्या टप्प्याचा असतो. समजा, पहिल्या १ लाखाला ३ टक्के आणि त्यावरच्या रकमेलाच ७ टक्के आहेत. ३ लाख ठेवले तर वर्षाला साधारण ३,००० अधिक १४,००० म्हणजे १७,००० रुपये मिळतील. खरा दर पडला ५.६७ टक्के. व्याज रोजच्या शिलकेवर मोजतात, त्यामुळे पगार आला की ईएमआयला गेला असं खातं असेल तर दरामागे धावण्यात अर्थ नाही.

डीआयसीजीसीचं (बँक ठेवींचा विमा उतरवणारी रिझर्व्ह बँकेची संस्था) ५ लाखांचं विमा संरक्षण दर खात्याला नसून प्रत्येक ठेवीदाराला, एका बँकेपुरतं असतं. सगळ्या शाखांमधलं बचत, एफडी, आरडी एकत्र धरतात, तेही व्याजासकट. म्हणजे ४.९० लाखांची एफडी आहे तिथेच बचत खात्यात आणखी लाखभर ठेवणं मला तरी पटत नाही. पतसंस्थांना हा विमा मुळीच नाही, हे कृपया ज्येष्ठांना आवर्जून सांगा.

आणि बँकेवर निर्बंध आले तर विम्याचे पैसे हाती यायला ९० दिवस लागू शकतात. तेवढ्या दिवसांचा घरखर्च दुसऱ्या बँकेत हवाच.