मदत हवी आहे : ऊसतोडीच्या कोप्यांवर (मजुरांच्या झोपड्यांवर) आगमनकाळ कसा पाळावा?

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. बीड-जालन्याकडच्या मंडळ्यांतली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर कारखान्यावर जातात. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी आगमनकाळ, म्हणजे नाताळाच्या तयारीचा काळ, सुरू होतो, तेव्हा ती फडात असतात. नाताळ म्हणजे केक, चांदणी आणि नवे कपडे एवढंच लेकरांच्या मनात राहू नये, म्हणून कोपीवरच दहा मिनिटांची उपासना आखतोय.

वाचनं अशी : पहिला आठवडा यशया ९:२-७, दुसरा मीखा ५:२-५, तिसरा लूक १:४६-५५, चौथा मत्तय १:१८-२५. २४ च्या रात्री लूक २:१-२०, २५ ला योहान १:१-१४. तिसऱ्या आठवड्याच्या वाचनात, मरीयेच्या गीतात, देव भुकेल्यांना तृप्त करतो. उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फेडणाऱ्या माणसाला ते लगेच भिडतं, तिथं घाई नको. चौथा आठवडा कधीकधी एकाच दिवसाचा असतो, त्यामुळे मत्तयाचं वाचन राहून जातं. ते आधीच उरकावं.

उघड्यावर मेणबत्त्या विझतात आणि पाचटाला आग लागण्याची भीती असते. आम्ही कंदील सुचवतोय. आगमनकाळाचा जांभळा रंग ही रीत आहे, आज्ञा नव्हे.

नाताळाच्या नाटिकेत मेंढपाळ आणि मागी (पूर्वेकडचे ज्ञानी लोक) एकाच रात्री गव्हाणीपाशी येतात. पण मत्तय २:११ मध्ये मागी घरात येतात, आणि ते तिघं होते असं कुठंच लिहिलेलं नाही. त्यांचा सण ६ जानेवारीला.

आता विचारायचं ते हे : गाडी भरायला रात्री-अपरात्री उठावं लागतं, मग उपासना नेमकी कधी ठेवावी? वाचता न येणाऱ्यांसाठी मराठवाडी बोलीत वाचनं रेकॉर्ड करून कुणी देईल का? आणि कारखान्याजवळचे पाळक प्रभुभोजनाला कोप्यांवर येतील का?