हॉटेलातील कॉकटेल बार निवडताना : नागपूरकरांचे अनुभव

नागपुरात 'बारमध्ये जाऊ या' हे वाक्य माझ्या पिढीने घरातल्या मोठ्यांसमोर कधी उच्चारले नाही. बार म्हणजे काळ्या काचा, आत मिणमिणता उजेड, टेबलावर शेंगदाण्यांची वाटी आणि बाहेर पडताना ओळखीचे कोणी नाही ना, हे आधी पाहून घेणे. आता रामदासपेठेत सेंटर पॉइंट आणि तुली इम्पीरियल, वर्धा रोडवर रॅडिसन ब्लू आणि प्राइड, मिहानच्या बाजूला ल मेरिडियन अशी हॉटेले आहेत आणि लग्नाचा वाढदिवस, पदोन्नती किंवा परदेशातून आलेला भाचा अशा निमित्ताने मध्यमवर्गीय माणूसही हॉटेलच्या बारमध्ये एक संध्याकाळ घालवू लागला आहे. पण निवड करताना आपण बहुतेक वेळा छायाचित्रे पाहतो, आणि छायाचित्रात आवाज, बर्फ आणि बिल या तीन गोष्टी दिसत नाहीत. म्हणून विनंती अशी की, आपण कोणते ठिकाण का निवडले, काय पटले आणि काय फसले, ते सविस्तर लिहावे. तक्रार असेल तर हॉटेलचे नाव मात्र लिहू नये.

शिक्षिका, प्रतापनगर

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा आम्ही वर्धा रोडवरचे एक मोठे हॉटेल निवडले. निवडीचे कारण एवढेच की मुलीने तिथल्या दिव्यांचे कौतुक केले होते. तारीख डिसेंबरमधली होती आणि विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू होते, हे आम्ही नागपूरकर असूनही विसरलो. लॉबीत पांढऱ्या कपड्यांतील मंडळी, त्यांचे कार्यकर्ते, कार्यकर्त्यांचे फोन. बारमध्ये दोन टेबले जोडून बसलेला एक गट आणि आम्हाला मिळालेली जागा स्वयंपाकघराच्या ये-जा करणाऱ्या दाराशेजारी. पेय चांगले होते, हे मान्य करायला हवे. पण पंचवीस वर्षांनंतर एकमेकांशी बोलण्यासाठी आम्ही गेलो होतो आणि दीड तास 'काय म्हणालास?' एवढेच बोललो. हॉटेलच्या बारमध्ये आपण दारूपेक्षा शांततेचे पैसे मोजत असतो, असे मला तेव्हापासून वाटते. ती शांतता त्या दिवशी मिळेल का, हे आधी विचारायला आपण उगाच संकोचतो.

व्यापारी, वर्धा

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे सर्वांना ठाऊक आहेच. गडचिरोलीतही 1993 पासून आहे. चंद्रपुरात 2015 साली आली आणि 2021 साली उठली, तोपर्यंत माझे चंद्रपूरचे साडूही आमच्याबरोबर नागपूरला येत असत. त्यामुळे आमच्यासाठी बार निवडणे म्हणजे मुळात खोली निवडणे होय. पंचाहत्तर किलोमीटर गाडी चालवत परत जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि चालक नेला तर तो बिचारा रात्रभर वाहनतळावर झोपतो, हे मला पटत नाही. ज्या हॉटेलात राहायचे, त्याच हॉटेलच्या बारमध्ये बसायचे आणि लिफ्टने वर जायचे, असा आमचा दहा वर्षांचा रिवाज आहे. खोलीचे भाडे धरले तर ही संध्याकाळ महाग पडते, परंतु मोटार वाहन कायद्यानुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात, हे लक्षात घेतले की खोली स्वस्त वाटू लागते. एक सूचना : काही हॉटेलांत राहणाऱ्या पाहुण्यांना बारच्या बिलात सवलत मिळते, पण मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही.

संगणक अभियंता, मिहान

आमच्या गटातील एकाच्या पहिल्या नोकरीचा आनंद साजरा करायला आम्ही पाच जण गेलो. टेबलावर बसल्यावर आमच्याकडे नम्रपणे ओळखपत्रे मागण्यात आली. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी एकवीस वर्षे, पण जिन, रम, व्हिस्की यांसाठी पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि ज्याच्यासाठी आम्ही गेलो होतो तो चोवीस वर्षांचा निघाला. कॉकटेलच्या यादीतील जवळपास प्रत्येक पेयाचा पाया कडक मद्याचा असतो, त्यामुळे सत्कारमूर्ती वाइनचा पेला घेऊन बसले. त्या वेळी राग आला होता. आता वाटते की जे हॉटेल वय विचारते ते बाकीच्या बाबतींतही चोख असण्याची शक्यता जास्त असते.

गृहिणी, धरमपेठ

माझ्या यजमानांचा पन्नासावा वाढदिवस 2 ऑक्टोबरला होता. यापुढे काही लिहिण्याची गरज नाही. लिंबू सरबत उत्तम होते.

सनदी लेखापाल, सिव्हिल लाइन्स

बिलाविषयी कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. पेयपत्रिकेतील किमतीखाली बारीक अक्षरांत 'कर वेगळे' असे छापलेले असते आणि आपण ते वाचत नाही. मद्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. साध्या परमिट रूममध्ये तो नोव्हेंबर 2023 पासून 5 टक्क्यांवरून 10 टक्के झाला, तर तारांकित हॉटेलांत त्याआधीपासूनच 20 टक्के होता. म्हणजे 800 रुपयांचे कॉकटेल 960 रुपयांना पडते. सोबतच्या खाण्यावर मात्र जीएसटी लागतो, आणि ज्या हॉटेलात खोलीचे भाडे दिवसाला 7,500 रुपयांच्या वर असते तेथील उपाहारगृहात तो सहसा 5 नव्हे तर 18 टक्के असतो. चार जणांनी अशी दोन-दोन पेये आणि 3,000 रुपयांचे खाणे घेतले, तर पत्रिकेवरून 9,400 रुपयांचा अंदाज बांधलेला माणूस प्रत्यक्षात 11,220 रुपये देतो.

यावर सेवाशुल्क लावलेले आढळले तर ते ऐच्छिक आहे, हे लक्षात ठेवावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ती उचलून धरली. मी एकदा हे शुल्क काढायला सांगितले तेव्हा व्यवस्थापकाने विनातक्रार काढले, पण माझ्या सौभाग्यवतींनी घरी येईपर्यंत माझ्याशी अबोला धरला. त्याचा हिशेब कोणत्याही कायद्यात नाही.

पूर्वी बारटेंडर, सध्या स्वतःचा व्यवसाय, सदर

मी हॉटेल व्यवस्थापन शिकलो आणि सहा वर्षे बारच्या आतल्या बाजूला उभा होतो. माझे निकष त्यामुळे थोडे वेगळे आहेत, आणि कदाचित थोडे खवचटही.

पहिली गोष्ट बर्फाची. पोकळ, पांढुरके, बोटाच्या पेराएवढे खडे असतील तर ते पाच मिनिटांत विरघळतात आणि तुम्ही आठशे रुपयांचे पाणी पिता. मोठा, घट्ट, काचेसारखा खडा सावकाश वितळतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हा हा फरक चैनीचा राहत नाही. गच्चीवरचा बार कितीही देखणा असला तरी एप्रिल ते जून तिथे बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्री नऊ वाजताही फरशी तापलेलीच असते.

दुसरी गोष्ट, पहिले पेय साधे मागवावे. मी नेग्रोनी मागवतो. जिन, कंपारी हे लाल, कडवट मद्य आणि गोड वर्मूथ समप्रमाणात, म्हणजे साधारण 30-30 मिलिलिटर, एवढाच तो मामला आहे. लपवायला काही जागा नाही. वर्मूथ ही मुळात वाइन असते, त्यामुळे बाटली उघडल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवावी लागते. ती दिव्याखाली फळीवर शोभेसाठी मांडलेली दिसली की मी मुकाट्याने बिअर मागवतो. आणि नेग्रोनी कोणी शेकरमध्ये घालून खळखळवू लागला, तर समजावे की त्याला कोणी शिकवलेले नाही : ज्यात रस आहे ते पेय खळखळवायचे, ज्यात केवळ मद्ये आहेत ते ढवळायचे.

तिसरी गोष्ट जिव्हाळ्याची आहे. एका बारमध्ये मी ऐन जानेवारीत 'ऑरेंज सिटी' अशा नावाचे पेय मागवले आणि त्यात डब्यातला रस निघाला. बाहेर रस्त्यावर संत्र्यांचे ढीग लागलेले असताना! अर्थात न्याय म्हणून हेही सांगतो की आपले संत्रे बारवाल्यासाठी सोपे फळ नाही. रस गोड असल्याने त्याला लिंबाची जोड द्यावी लागते, आणि तो काढून ठेवला तर थोड्या वेळाने कडवट होतो, म्हणून दर वेळी ताजाच काढावा लागतो. साल सैल आणि मऊ, त्यामुळे पेल्यावर पिळायची सालपट्टी त्याची नीट निघत नाही. तेवढ्यासाठी घट्ट सालीचे माल्टा संत्रेच बरे. हे सगळे जाणून जो बार नागपुरी संत्रे नीट वापरतो, तो बाकीचेही नीट करत असणार.

ज्यांना अंडे चालत नाही त्यांनी व्हिस्की सोअर मागवण्यापूर्वी विचारावे, कारण वरचा सुंदर फेस बहुधा अंड्याच्या पांढऱ्याचा असतो. ब्लडी मेरी या टोमॅटोच्या रसाच्या कॉकटेलमधील वूस्टरशायर सॉसमध्येही मूळ कृतीत मासळी असते. आमच्याकडे हे कोणी विचारत नसे आणि आम्हीही सांगत नव्हतो, याची मला आता लाज वाटते.

वकील, लक्ष्मीनगर

आम्ही तीन मैत्रिणी महिन्यातून एकदा जातो. पहिल्या हॉटेलात वाढप्याने पाणी ठेवताना 'सर मागून येणार आहेत का?' असे विचारले. तिथे आम्ही पुन्हा गेलो नाही. दुसऱ्या ठिकाणी बिल टेबलाच्या मधोमध ठेवले गेले आणि निघताना रखवालदाराने कॅबचा क्रमांक तपासून मगच दार उघडले. पेये तिथे सामान्य आहेत. दोन वर्षे झाली, आम्ही तिथेच जातो. जाताना सीताबर्डीहून ऑरेंज लाइनची मेट्रो घेतो, ती वर्धा रोडवरूनच जाते आणि गाडीचा प्रश्न मुळातच मिटतो. परतीला मात्र कॅब, कारण गप्पा मेट्रोचे वेळापत्रक पाळत नाहीत.

निवृत्त बँक अधिकारी, त्रिमूर्तीनगर

मी घेत नाही. जावईबापू घेतात आणि आग्रहाने मला नेतात. माझी परीक्षा एकच : न घेणाऱ्यासाठी त्यांच्याकडे काय आहे? बहुतेक ठिकाणी निळ्या रंगाचे गोड पाणी छत्री लावून देतात आणि त्याचे चारशे रुपये घेतात. एका ठिकाणी मात्र त्या मुलाने 'काका, गोड आवडतं की आंबट?' असे विचारून कोकम, आले आणि सोडा यांचे काहीतरी करून आणले. जावईबापूंनी स्वतःचे पेय बाजूला ठेवून माझ्यातले दोन घोट घेतले.

पुन्हा एकदा, विनंती करणारा

हे सर्व वाचून मी काल एका हॉटेलात फोन केला. गुरुवारी कोणता मोठा समारंभ आहे का, संगीत किती वाजता सुरू होते, संत्र्याचा रस ताजा काढता का आणि बर्फ कसला वापरता, असे चार प्रश्न विचारले. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे तत्काळ मिळाली. चौथ्यानंतर पलीकडे जरा शांतता पसरली आणि मग 'सर, आत विचारून सांगतो' असे उत्तर आले. वीस मिनिटांनी त्यांचाच फोन आला : मोठे खडे आहेत, पण रोज ठरावीकच होतात, आठच्या आत या. गुरुवारी साडेसातचे टेबल राखून ठेवले आहे.